होडीच्या कामात बारा लाइनचा लेझर: घ्यावा की ओळंब्यावर भागवावं?

टाइल आणि पीओपीवाले वापरतात तोच हा हिरवा लेझर: एक आडवी आणि दोन उभ्या, चहूबाजूंनी फिरणाऱ्या रेषा; प्रत्येकीच्या चार बाजू, म्हणून बारा. पुण्यात बोहरी आळीत सहज मिळतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये १५ फुटी शिडाची होडी बांधताना चेनप्लेट (डोलकाठीला आधार देणारी वायर जिथे बांधतात ती स्टीलची पट्टी), मास्ट स्टेप (डोलकाठीचा पाय बसतो ती जागा) आणि स्टेमचं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचं फिटिंग जुळवायला तो कितपत उपयोगी पडतो, एवढंच इथे पाहू.

खोक्यावर अचूकता मीटरला ०.३ मि.मी. लिहिलेली असते. म्हणजे ४.५ मीटर लांबीवर साधारण १.४ मि.मी.ची चूक, तेवढी चालते. पण पाच मीटरवर रेषाच दोन-तीन मि.मी. जाड पडते, म्हणून खूण नेहमी रेषेच्या एकाच कडेवर करा. चकचकीत इपॉक्सीवर रेषा फाकते. तिथे मास्किंग टेप चिकटवा.

सर्वांत चांगलं काम तो मध्यरेषेचं करतो. स्टेमच्या मधोमध आणि ट्रान्समच्या (मागच्या सपाट फळीच्या) मधोमध खूण करून उभी रेषा दोन्हींवर बसवली की मास्ट स्टेप आणि सुकाणूचे कब्जे एका नजरेत तपासता येतात. दोरी मधल्या बाकावर टेकते, प्रकाश टेकत नाही. मात्र त्याआधी होडी आडवी समतल हवी. ट्रेलरच्या टायरांवर विसंबू नका, लाकडी घोड्यांवर घ्या. लेझरही होडीत ठेवू नका, बाहेर ट्रायपॉडवर ठेवा. माणूस आत चढला की होडी हलते आणि साधारण चार अंशांपलीकडे कललं की यंत्र लुकलुकायला लागतं. होडी समतल करायला तर गवंड्याचा लेव्हल पाइपच बरा. फक्त पाण्यात बुडबुडा राहू देऊ नका आणि पाइपचं एक टोक उन्हात नको.

डावी-उजवी अंतरं सारखी आहेत का, हे लेझर सांगत नाही. ते काम पट्टीचं. लांब लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा स्टेमच्या खुणेवर, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि दोन्ही बाजूंना चाप मारा. टेपच वापरायचा तर हुक सोडून १० सें.मी.पासून मोजा, हुक मुद्दाम सैल असतो. एक चेनप्लेट ५ मि.मी. खाली बसली आणि दोन्ही वायर सारख्या कापल्या, तर पुढे दिलेल्या मापांच्या होडीत वायर बांधलेल्या जागी डोलकाठी सुमारे १४ मि.मी. कलते. टर्नबकलने (वायर ताणायच्या स्क्रूने) ते निघतं, पण मग एकाच बाजूचे आटे संपतात.

आता खरी गंमत. चेनप्लेट श्राउडच्या (डोलकाठीच्या बाजूच्या वायरच्या) दिशेत बसायला हवी, नाहीतर प्रत्येक झुळकीला पट्टी डेकपाशी वाकते आणि तिथेच तडा जातो. समजा वायर चेनप्लेटपासून ४.२ मीटर उंचीवर डोलकाठीला बांधलीय, चेनप्लेट मध्यापासून ७५ सें.मी. बाहेर आणि डोलकाठीच्या ३० सें.मी. मागे. पार्किंगमध्ये काठी उभी राहणार नाही, स्लॅब आड येतो. चालेल. स्लॅब चेनप्लेटच्या वर १.५ मीटर असेल, तर वायरची रेषा तिथे, चेनप्लेटच्या बरोबर वरच्या बिंदूपासून, २६८ मि.मी. आत आणि १०७ मि.मी. पुढे असेल. त्या जागी हूक ठोका, दोरी ताणून चेनप्लेटच्या भोकापर्यंत आणा. हीच श्राउडची दिशा. पट्टीची मध्यरेषा दोरीला जुळवून क्लॅम्प करा, मगच बोल्टची भोकं पाडा.

चेनप्लेटची खूण स्लॅबवर न्यायला लेझरच्या दोन उभ्या रेषांची फुली आयती वाटते. पण तिच्याखालचा बिंदू यंत्राच्या पायाखाली झाकला जातो आणि यंत्र डेकवर ठेवावं लागतं. इथे ओळंबा लेझरला मागे टाकतो: स्लॅबवरून सोडा, टोक चेनप्लेटच्या भोकावर आणा, झालं. पंखा तेवढा बंद ठेवा.

कोन तपासायला सोबत चुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्यायचा विचार असेल तर थांबा. ३१६ स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही, क्लॅम्प लागतो. ३०४ लाही जवळपास चिकटत नाही, त्यामुळे भोसरीतून कापून आणलेली पट्टी ३१६ च आहे का, हेही चुंबक सांगणार नाही. मॉलिब्डेनम (ते ३१६ मध्ये असतं, ३०४ मध्ये नाही) ओळखणारं द्रावण लावून पाहावं. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात ३०४ निभावतं. होडी कोकणात न्यायची असेल तर नाही.

आमचं मत: निव्वळ चेनप्लेटसाठी लेझर घेऊ नका. मध्यरेषा, वॉटरलाइनची (होडीवरच्या पाण्याच्या पातळीच्या रेषेची) आखणी आणि पुढे घरातली कपाटंही करायची असतील तर पैसे वसूल. दुकानातच तपासा: भिंतीवर आडवी रेषा पाडून खूण करा, यंत्र जागच्या जागी ९० अंश फिरवा, तीच खूण पुन्हा पाहा. तीन-चार मीटरवर रेषा एक मि.मी.हून जास्त सरकली तर दुसरा नग मागा. बिल होण्याआधी.