लातूरच्या पाणीटंचाईत २०० लिटरचा सोलर

पाणी तापवायचा, काचेच्या ट्यूबांवाला सोलर बसवून वर्ष होत आलं. अनुभव लिहायचा राहूनच जात होता, परवा ट्यूब फुटली म्हणून मुहूर्त लागला.

आठवडाभर नळाला पाणी नाही, वरची टाकी कोरडी. गार पाण्याच्या लाइनला फिटरनं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, बसवलाच नव्हता, त्यामुळं सोलरचं पाणी उलटं खालच्या नळांना उतरलं. ट्यूबांत उरलेलं वाफ होऊन गेलं. भर दुपारी टँकर आला, मोटार लावली, तापलेल्या काचेत गार पाणी शिरलं आणि ट्यूब तडकली. ट्यूबा थेट टाकीत बसवलेल्या, म्हणून त्या एका भोकातून विकतचं पाणी अंगणात! डिलर म्हणतो, "काच गॅरंटीत येत नाही, साहेब." व्हॉल्व्हचं विचारलं तर फोन कट.

ट्यूब नवी बसेल हो. पाइपातल्या गार पाण्याचं काय? सोलर गच्चीच्या एका टोकाला, बाथरूम खाली दुसऱ्या टोकाला. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, आमचा पाइप वीसेक मीटर. दर वेळी पाच लिटर सोडल्यावर मग गरम येणार. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथं हे बघवत नाही. नळाखाली कायम बादली ठेवलीय, ते पाणी भांड्यांना. आई म्हणते, बंबच बरा होता, चार तुराट्या सारल्या की काम झालं. डिलरचा उपाय, पाइपावर इन्सुलेशन. रात्रभरात तेही गारच पडतं ना!

सोलर काढून टाकावा असं हिवाळ्यापर्यंत वाटायचं. आता नाही. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला गिझरला नऊ युनिटच्या वर वीज लागते, आणि डिसेंबरात पहाटेही विसण घातल्याशिवाय पाणी अंगावर घेता येत नव्हतं. उन्हाळ्यात उकळतं, तेव्हा ते कुणाला हवंय? मोठ्या इमारतींत ८०-९० अंशांच्या पाण्यावर लिथियम ब्रोमाइड या क्षाराची यंत्रं एसीसारखा गारवा करतात म्हणे. मराठवाड्याला खरं तर तेच पाहिजे, पण घरगुती मापात कोण देणार?

नवी ट्यूब घेताना बुडाचा चंदेरी डाग बघा. पांढरा पडला असेल तर काचेच्या दोन थरांमधला व्हॅक्यूम (उष्णता धरून ठेवणारी निर्वात पोकळी) गेलाय, परत करा. आणि स्टँड बाथरूमच्या डोक्यावरच लावून घ्या, फिटर कितीही कुरकुरला तरी.