वाकड्या पावलाचा ब्रेस: जोडलेल्या बुटांचा घ्यावा की निघणाऱ्या?

लेकराच्या जन्मतः आत वळलेल्या पावलाची (क्लबफूटची) प्लास्टरं संपली, टाचेमागची शीर मोकळी करून शेवटचं तीन आठवड्यांचं प्लास्टरही उतरलं, म्हणजे आता ब्रेस: सरळ झालेलं पाऊल परत वळू नये म्हणून घालायचे, दांडीनं जोडलेले दोन बूट. सरकारी दवाखान्यातल्या क्लबफूट क्लिनिकमध्ये सहसा स्टीनबीक मिळतो: चामड्याचे लेसवाले बूट, दांडीला पक्के जोडलेले. दुसरा मिचेलच्या धर्तीचा. त्याचे बूट मऊ अस्तराचे, बक्कलाच्या पट्ट्यांचे, आणि दांडीवरून खटकन निघणारे. आमच्या घरात दोन्ही वापरून झाले.

पाऊल राखण्यात मला तरी दोन्हींत फरक दिसला नाही. वाकडा पाय ६० ते ७० अंश बाहेर, चांगला ३० ते ४०, दांडी खांद्यांएवढी रुंद, हे दोन्हींत बसतं. (एकाच पायाचा प्लास्टिकचा ब्रेस घेऊ का, असं आमच्या एका पाहुण्यांनी विचारलं होतं. त्यात पाऊल बाहेर वळलेलं टिकत नाही.)

स्टीनबीकला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. युगांडात स्थानिक कारागिरांना साध्या सामानात बनवता यावा म्हणून तो तयार झाला, आणि तो दणकटपणा हातात घेतला की कळतो. लेस तुटली तर गंगाखेडच्या बाजारातही मिळते. कोन पक्का, त्यामुळं घरातलं कुणी ‘लेकराला त्रास होतोय’ म्हणून स्क्रू फिरवू शकत नाही. निघणाऱ्या ब्रेसचा स्क्रू मधूनमधून बघावा लागतो, आणि किमतीचं तर बोलायलाच नको.

परभणीचा मे महिना दोन्हींची परीक्षा घेतो. पारा ४२-४३ वर गेला की पाय घामेजणारच. सुती मोजे भरपूर ठेवा. लाल डाग दिसला तर तेल-मलम चोळू नका, कातडी आणखी नाजूक होते. आणि फोड आला म्हणून बूट सैल करू नका; टाच आत सरकत असते म्हणूनच बहुधा फोड येतो.

खरी अडचण वेगळीच. पहिले तीन महिने, दिवसाचे २३ तास, काहीच जड गेलं नाही. बाळ लहान, पाय धरले की धरले. पुढं ब्रेस फक्त झोपेपुरता, पण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत. चालायला लागलेलं लेकरू रात्री दांडी बघितली की पळतं. झोपल्यावर घालावा, तर दोन्ही पाय एका दांडीला अडकलेल्या बुटांत घालायचे, टाच खाली बसली का ते भोकातून बघायचं, मग एकेक लेस ओढायची. त्यात लाइट गेलेली. पहिला बूट होईपर्यंत लेकरू जागं होऊन दुसऱ्या पायानं लाथा मारतं, आणि आजी म्हणते, ‘राहू दे रे बाबा, एक रात्र.’ अशा एकेका रात्रीनंच पाऊल परत वळतं. पुन्हा वाकडं होण्याचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस न घालणं हेच, असं डॉक्टर दर वेळी बजावतात ते उगीच नाही.

निघणाऱ्या ब्रेसमध्ये संध्याकाळी जेवता-जेवता, मांडीवर घेऊन, एकेक बूट घालून टाकायचा. तेवढ्याला लेकरू रडत नाही. झोपलं की दांडी खटकन लावायची. आमच्याकडं रात्री चुकायच्या थांबल्या त्या यामुळं. तुमचं लेकरू गरीब स्वभावाचं असेल, किंवा घरात धरायला चार हात असतील, तर मोफत मिळणारा स्टीनबीक सोडून खर्चात पडायचं कारण मला दिसत नाही. आमच्यासारखं एकट्या आईवर रात्रीचं काम पडत असेल, तर मी पैसे साठवून निघणाराच घेईन.

मात्र घेण्याआधी दुकानदाराला पुढच्या मापाचे बूट कुठून आणि किती दिवसांत येतात ते विचारा, आणि जुन्या दांडीवरच बसतील ना, तेही. ते येईपर्यंत वापरायला क्लिनिकमधला स्टीनबीक मिळेल का, हेही डॉक्टरांशी बोलून ठेवा.