हिरोशिगेची वळवाची सर: हाताने कोरलेली प्रत कशी आहे?

ओहाशी पुलावर कोसळणारी सर हे जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७ मधलं ठसाचित्र, म्हणजे लाकडात कोरलेल्या ठशांवरून कागदावर छापलेलं चित्र. तोक्योत आजही नव्याने ठसे कोरून जुन्या चित्रांच्या प्रती काढतात. ही त्यांतलीच एक.

चित्राचा सगळा जीव पावसात आहे. एकेक रेष उठावाची, म्हणजे दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं आणि मधली केसाएवढी धार तुटू द्यायची नाही. या प्रतीत रेषा अखंड आहेत, पुलावरच्या छत्र्यांवरूनही स्वच्छ उतरतात. अप्रतिम काम!

माथ्यावरचा काळा ढग ठशात कोरलेला नसतो. ओल्या फळीवर शाई ब्रशने पसरून तो दर वेळी नव्याने विरवतात, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. इथे ढगाची खालची कड सुरेख विरली आहे. पुलाच्या कडेला मात्र निळा किंचित सरकलाय. छापताना ओलसर कागद सुकत गेला की आखडतो, मग कागद ठशावरच्या खुणेच्या खाचेत नीट बसवूनही एकामागून एक छापलेले रंग जुळत नाहीत. हातभर अंतरावरून ते जाणवत नाही.

घेताना कागद उलटा करून बघाच. रंग मागे झिरपलेला आणि छापताना कागद मागून दाबतात त्या घासणीच्या गोल खुणा दिसायला हव्यात. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ती यंत्रावरची छपाई.

फ्रेमवाल्याला पूर्ण चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने. काच कागदाला टेकली तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.