कुलवृत्तांत काढावा की गोष्टी लिहाव्यात?

घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, एखादं कुलसंमेलन पार पडलं, कुणीतरी चिकाटीनं एक्सेलमध्ये वंशवेल भरली, की पुढचं वाक्य ठरलेलं: "आता याचं पुस्तक व्हायला हवं." इथे दोन वाटा फुटतात. एक रीतसर कुलवृत्तांताची. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, शाखा आणि प्रत्येकाची नोंद. दुसरी, याच माहितीतून मोजक्या माणसांच्या खऱ्या गोष्टी लिहिण्याची. बरेच जण दोन्ही एकाच बाइंडिंगमध्ये कोंबतात आणि मग तो ना धड संदर्भग्रंथ होतो, ना कुणी वाचायला घेतं. तेव्हा आधीच ठरवावं. ठरवताना हौस किती आहे याआधी हाताशी कागद कोणते आहेत ते बघावं.

एकाच कागदाचं दोन्हीकडे काय होतं ते पाहू. समजा, १९६०च्या दशकातला एक वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची तलाठ्याकडची नोंद, मिळाला. खातेदार मयत, वारस म्हणून बायको, दोन मुलगे, दोन मुली. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यामुळे मुलींची नावं आली खरी, पण ती सातबाराच्या 'इतर अधिकार' रकान्यात. काही वर्षांनी दुसरा फेरफार: दोघी बहिणींनी हक्क सोडला, नावं कमी. एकीची सही, दुसरीपुढे 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डावा अंगठा. खाली सर्कलचा, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याचा, शेरा.

कुलवृत्तांत यातून मृत्यूचं साल, वारसांची नावं आणि गट नंबर उचलेल. मुलींना एकेक ओळ: नाव, कंसात सासरचं नाव आणि गाव. त्यांची मुलं दुसऱ्या कुळातली, म्हणून वेल तिथेच थांबणार. गोष्ट लिहिणारा नेमका त्या अंगठ्यापाशी अडतो. एक बहीण सही करते आणि दुसरी अंगठा, हे कसं? गावातली मुलींची शाळा मधल्या काळात निघाली का? शाळेच्या जनरल रजिस्टरात धाकटीचं नाव सापडतं का? कचेरीत त्यांना कोण घेऊन आलं, बदल्यात साडीचोळी मिळाली की नुसता चहा, आणि पुढच्या भाऊबीजेला कोण आलं, कोण नाही? यातलं निम्मं कागदावर नसतंच. ते एखाद्या आत्याला किंवा मावशीला विचारावं लागतं, तेही तिच्या घरी, भावांच्या घरी नव्हे.

साधनांचंही तसंच आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी कुलवृत्तांतासाठी सोनं. कोण कधी आलं, कुणाच्या क्रियेला आलं, बरोबर कोण होतं, आणि कधीकधी पणजोबांच्या हातची सही. पण तिथे नुसतं आडनाव सांगून भागत नाही, मूळ गाव लागतं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दर काही वर्षांनी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतात. आपल्याकडचा हेळवी अजून येत असेल तर त्याच्या पुढच्या फेरीला फोन रेकॉर्डरवर लावून ठेवा. वतन किंवा इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, पण तिथे मोडी वाचणारा बरोबर हवा. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या शिंदे समितीनं १९६७पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून असे वाचक मिळवायला पैसे आणि वशिला दोन्ही लागतात. मराठवाड्यातल्यांनी उर्दूचीही तयारी ठेवावी. जुने फेरफार मात्र आता बऱ्याच जिल्ह्यांत 'आपले अभिलेख'वर घरबसल्या दिसतात.

ही सगळी साधनं नावं, सालं आणि नातं देतात. स्वभाव देत नाहीत. तो सापडतो वाटणीपत्रात, कोर्टाच्या जबाबात, किराणाच्या वहीत. वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तासांत लिहिलेल्या असतात, आंब्याच्या एका झाडाचे चार हिस्से असतात आणि म्हाताऱ्या आईला वर्षाला किती पायली ज्वारी कुणी द्यायची तेही असतं. हे सहकुटुंब फोटोखाली छापता येत नाही, गोष्टीत मात्र शोभतं.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. कुलवृत्तांताचा साचा वतनदार, जमीनवाल्या घरांच्या मापानं कापलेला आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या नावावर गुंठाभरही नव्हता, त्यांनी तो साचा घेतला की चार पानांत 'माहिती उपलब्ध नाही' अशी रांग लागते आणि आपल्याला इतिहासच नाही असं उगाच वाटतं. महार वतन १९५८च्या कायद्यानं संपलं, त्याची नोंद काही घरांना सापडेल. बाकीच्यांकडे गिरणीचं हजेरीकार्ड, रेल्वेचं सर्व्हिस बुक, गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची ओळ आणि आजीच्या आठवणी. एवढ्यावर वंशावळ उभी राहत नाही, पण गिरणगावातल्या एका खोलीची गोष्ट नक्की उभी राहते. अशा घरांनी सरळ गोष्टींकडे वळावं असं माझं स्पष्ट मत.

खर्च आणि मनस्ताप. कुलवृत्तांताला समिती लागते, शाखाप्रमुख लागतात, प्रकाशनपूर्व वर्गणी लागते आणि वर्षं लागतात. प्रती घरातच खपतात, त्यामुळे विक्रीची चिंता नाही. चिंता फोनची. "आमच्या मुलाची पीएचडी राहिली." गोष्टींना एकच माणूस पुरतो. एकेक गोष्ट दिवाळी अंकाला पाठवता येते, संपादकाची कात्री बसते, आणि परक्या वाचकाला ती कळते का याचा अंदाज पुस्तकाआधीच येतो. मात्र प्रकाशक मिळेलच याची हमी नाही.

गोष्टीत कज्जे जास्त, हेही खरं. दत्तकाचं भांडण, पळून जाऊन केलेलं लग्न, गहाण पडलेलं घर: वृत्तांतात हे गाळलं तरी कुणी विचारत नाही, गोष्टीत तोच गाभा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे मृत माणसाबद्दलचं लिखाणही त्याच्या जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेलं असेल तर बदनामी ठरू शकतं. आजोबांची पत्रं ट्रंकेत तुमच्याकडे असली, तरी त्यांतल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. सगळ्या चुलतभावांची लेखी संमती घेतलेली बरी. नावं बदलून कादंबरी करणं ही पळवाट लोकांना सोपी वाटते. घरचे पहिल्या दहा पानांत सगळ्यांना ओळखतात, आणि बाहेरच्यासाठी तो कागदांचा आधार गेलेला असतो. संवाद रचले असतील तर प्रस्तावनेत तसं सांगून टाकावं आणि नावं खरी ठेवावीत, निदान गेलेल्यांची तरी.

मोठं, विखुरलेलं कुळ, जमलेली समिती आणि नीट नामावळ हाती असेल तर कुलवृत्तांतच करा, आणि मुलींच्या मुलांनाही त्यात जागा द्या. कागद कमी, पण बोलणारी माणसं अजून आहेत, अशा वेळी गोष्टी. तरीही ठरत नसेल तर हातातल्या कोणत्याही एका कागदावर दोन हजार शब्द लिहा आणि घराण्याशी काडीचा संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. "मग पुढे काय झालं?" असं विचारलं तर दुसरी गोष्ट लिहायला घ्या. "हे नक्की कोण कुणाचे?" असं विचारलं तर आधी वंशावळ पुरी करा.