जॉइनिंग बोनस आधी घ्यावा की वर्ष भरल्यावरचा बरा?

पुण्या-बंगळूरचं ऑफर लेटर आलं की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या पोरांची नजर आधी जॉइनिंग बोनसच्या आकड्यावर जाते. खाली बारीक अक्षरांत असतं: दोन वर्षांच्या आत सोडलं तर रक्कम परत. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधी उचल घेतात, तसलाच हा प्रकार, फक्त इंग्रजीत लिहिलेला. फिटेपर्यंत ते पैसे आपले नव्हेत.

दुसरा रिटेन्शन बोनस. आधी वर्ष भरा, मग पैसे. मध्येच सोडलं तर मिळत नाही, पण देणंही लागत नाही. नव्या गावात खोलीच्या डिपॉझिटला मात्र त्याचा उपयोग शून्य.

आता हिशेब. बोनस 1,20,000, अट 24 महिन्यांची, आणि तुम्ही 18 महिन्यांनी राजीनामा दिला. कागदावर ‘संपूर्ण रक्कम’ असेल तर 1,20,000 परत. ‘उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ असेल तर 30,000. शिवाय टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, आहेच. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस (करावरचा 4 टक्के उपकर) धरून 24,960 कापले जातात, खात्यात 95,040 येतात. मागताना कंपनी पूर्ण 1,20,000 मागू शकते. माझ्या धाकट्या भावाला हे फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाचा कागद हातात आल्यावर कळलं. शेवटचा पगार त्यातच गेला.

‘असला बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायची लेखी अट) कोर्टात टिकत नाही’ हे टपरीवरचं ज्ञान. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध ठरवली. कायद्यानं मिळणारा किमान 8.33 टक्के बोनस मात्र वेगळा, तो निव्वळ राजीनामा दिला म्हणून बुडत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

आईवडील खानापुरात एकटे असतील, दीड-दोन वर्षांत बेळगावला परतायचं मनात असेल, तर मी रिटेन्शनवालीच ऑफर घेईन, आकडा थोडा कमी असला तरी. दोन वर्षं नक्की काढणार असाल तर जॉइनिंग बोनस खुशाल घ्या, पण महिन्यांच्या प्रमाणात परतफेड असेल तरच.

सही करण्याआधी आणखी एक. ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास’ असं लिहिलं असेल तर कंपनीनं काढलं तरी पैसे तुम्हीच भरायचे. तिथं ‘कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास’ असा बदल मागा, आणि एचआरचा होकार ईमेलवर घ्या. फोनवरच्या ‘हो हो, करतो’ला धरून बसू नका.