१४ दिवसांचा शुगर सेन्सर, टाइप वनचं लेकरू आणि नागपूरचा मे महिना

दंडावर चिकटवला की दिवसरात्र साखर मोजत राहणारा हा सेन्सर नेमका काय, कुठे लावायचा, मोबाईलवर आकडा कसा येतो, हे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी टाइप वनचं, म्हणजे रोज इन्सुलिन टोचावं लागणाऱ्या मधुमेहाचं, लहान मूल आहे त्यांना ते दुकानदारापेक्षा जास्त पाठ असतं. हे लिहायचं कारण एकच, गोंद. पाच हजारांच्या आतबाहेरची वस्तू, आत एवढी करामत, आणि ती दंडावर धरून ठेवायला दिलेला गोंद असा की नागपूरच्या मे महिन्यात पहिला आठवडा संपायच्या आत कड उठते. एकदा कड उठली की लेकराचं बोट दिवसभर तिथंच. मग टीव्ही बघता बघता एका ओढीत अख्खा सेन्सर हातात येतो, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे पाण्यात.

घाम हे कारण सगळ्यांना कळतं, पण एकट्या घामाने एवढं होत नाही. घामोळ्यांची पावडर हा गोंदाचा सगळ्यात मोठा शत्रू. दंडावर तिचा नुसता हात फिरला तरी पकड अर्धी. दुसरा नंबर खोबरेल तेलाचा. डोक्याला लावलेलं तेल रात्री उशीवरून दंडापर्यंत येतंच. आणि तिसरा आपला कुलर. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली हवा गार असते तशीच ओलीही असते. दारं-खिडक्या बंद करून कुलर चालवला की खोलीत सगळं दमट होतं आणि अशा खोलीत लावलेला सेन्सर सुरुवातीलाच नीट बसत नाही.

त्यामुळे उन्हाळ्यात लावायची वेळ पहाटे, कुलर बंद करून थोड्या वेळाने. दंड साध्या साबणाने धुवायचा. मॉइश्चरायझर असलेला साबण नको, त्याचा थर राहतो. कोरडा पुसून स्पिरिट स्वॅब फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. फुंकर मारून वाळवू नये, फुंकरीतही वाफ असते. त्यावर बॅरियर फिल्मचा, म्हणजे कातडीवर पातळ संरक्षक थर सोडणारा, पुसणा एकदा फिरवून तोही चिकटसर होईपर्यंत थांबायचं. हा पुसणा स्टोमाच्या (ऑपरेशननंतर पोटावर लावायच्या) पिशव्या विकणाऱ्या सर्जिकल दुकानात मिळतो. मग सेन्सर लावायचा आणि कडेवर तळहात अर्धा मिनिट दाबून धरायचा. हाताच्या उबेने गोंद बसतो. आंघोळ संध्याकाळी. जागा दंडाची मागची बाजू, पण शाळेच्या बॅगचा पट्टा आणि फ्रॉकच्या बाहीचं इलॅस्टिक जिथं घासतं तिथं नाही. घामोळं उठलेल्या कातडीवर तर मुळीच नाही, खालून पाणी सुटतं.

वरून लावायच्या टेपबद्दल दुकानदार काहीही सांगतात. पारदर्शक ड्रेसिंग दिसतं छान, पण घाम आत कोंडतो आणि कातडी पांढरी पडते. खेळाडू गुडघ्याला लावतात ती कापडी ताणाची टेप सगळ्यात टिकते. एका रोलमधून महिनोन्‌महिन्यांच्या पट्ट्या निघतात. सेन्सरच्या नावाने विकले जाणारे रंगीत चित्रांचे तयार स्टिकर घेऊ नयेत, तेच कापड कितीतरी पट भावात असतं. पट्टी सेन्सरच्या बाहेर सगळीकडून दोन बोटं येईल एवढी कापायची, आणि चारही कोपरे कात्रीने गोल करायचे. चौकोनी कोपरा पहिल्याच दिवशी उठतो. आमच्या सेन्सरच्या मधोमध बारीक भोक आहे. ते झाकायचं नाही, म्हणून पट्टीलाही मध्ये भोक पाडायचं. लावताना टेप अजिबात ताणायची नाही. ताणलेली टेप दिवसभर कातडी ओढत राहते, लेकरू खाजवतं आणि आपण गोंदाला शिव्या देतो. काढताना मात्र तेच खोबरेल तेल कामाचं: कडेला चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं, कातडीला समांतर हळूहळू सोलायचं. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर.

गोंदावर एवढं का लिहिलं, तर आमच्या वाट्याला आलेल्या कंपनीची हेल्पलाइन त्याला बिघाडच मानत नाही. सेन्सर मध्येच बंद पडला, एरर आला, तर सिरियल नंबर, लॉट नंबर आणि स्क्रीनचा फोटो घेऊन बदलून देतात, मान्य. पण निघून पडला म्हटलं की पलीकडची ताई शांतपणे विचारते, ‘सर, लावताना जागा कोरडी होती का?’ ४५ अंशात कोणाचा दंड कोरडा असतो, हे तिला नागपुरात येऊन बघायला सांगावंसं वाटतं. खोका आणि पडलेला सेन्सर मुदत संपेपर्यंत फेकू नका, कधीकधी परत मागतात. आमच्या पाकिटावर वापरायच्या तापमानाची वरची मर्यादा ४५ छापली आहे आणि न उघडलेला खोका ठेवायची २५. म्हणजे मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दिवसभर भाजलेला खोका घेण्यापेक्षा गांधीबागच्या दवा बाजारात फ्रीज असलेल्या दुकानातून, एक्सपायरी बघून, स्वतः आणलेला बरा. ऊन लागून फोनवर ‘सेन्सर खूप गरम’ असा निरोप आला तर सावलीत बसायचं. बर्फ लावायचा नाही.

उन्हाळ्यात कोणी विचारलं असतं तर दोन तारे म्हटलं असतं. पावसाळ्यानंतर मत बदललंय, आणि बदललंय ते आकड्याशेजारी साखरेची दिशा दाखवणाऱ्या बाणामुळे.

आकडा बोट टोचून मोजणारा ग्लुकोमीटरही देतो. पण ११० आणि सरळ बाण वेगळं, ११० आणि खाली तोंड केलेला बाण वेगळं. आमच्या सेन्सरवर सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने घसरण. पंधरा मिनिटांत ३० उतरणार, म्हणजे ११० चे ८०, आणि ग्राउंडवर खेळत असेल तर आणखी खाली. पाच वर्षांचं मूल ‘मला लो होतंय’, म्हणजे साखर फार उतरतेय, असं सांगत नाही. ते चिडतं, रुसतं, नाहीतर जेवायच्या आधीच झोपतं. तर्री पोह्यांनंतर साखर किती झपाट्याने चढते आणि भाकरीनंतर किती निवांत, हेही त्या रेषेवर दिसतं. जेवणाआधीचं इन्सुलिन किती मिनिटं आधी टोचावं हा प्रश्न डॉक्टरांसमोर अंदाजाने मांडायची गरज राहत नाही. ८ तासांपेक्षा जास्त वेळ स्कॅन केलं नाही, म्हणजे फोन सेन्सरजवळ धरला नाही, तर आमच्या मॉडेलमध्ये मधला तुकडा गायब होतो, म्हणून झोपताना आणि उठल्यावर स्कॅन चुकवायचं नाही.

आता तो कुठे फसवतो. सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. साखर स्थिर असताना काही बिघडत नाही, लोमध्ये बिघडतं. ग्लुकोज दिलं, साखर वर यायला लागली, तरी स्क्रीन अजून ६२ आणि खाली बाण दाखवते. घाबरून दुसरा डोस, मग तिसरा, आणि तासाभरात २८०. म्हणून लोवर उपचार केल्यानंतरची तपासणी बोट टोचूनच, पंधरा मिनिटांनी. रात्री सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबाने खोटा लो येतो. कूस बदला, बोट टोचा, मगच काय द्यायचं ते द्या. पहिल्या २४ तासांतले आकडेही भरवशाचे नसतात, त्यावर डोस ठरवू नका. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने आमच्या प्रकारच्या सेन्सरवर आकडा खोटा चढतो, तेव्हा सर्दीच्या चघळायच्या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ग्लुकोमीटरही साधू नाही. संत्रं सोललेल्या बोटाला टोचलं तर ११० चे २५० दिसू शकतात. रस पुसून किंवा सॅनिटायझर लावून भागत नाही, हात पाण्याने धुऊन कोरडे करायचे. सीझनमध्ये घरात टोपली असते, तेव्हा हे विशेष.

लोमध्ये द्यायच्या ग्लुकोजचं प्रमाण मुलाच्या वजनावर असतं. मोठ्यांचा १५ ग्रॅमचा नियम लहानग्याला लावला की साखर उसळते. किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे १८ किलोच्या मुलाला साधारण साडेपाच ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून कागदी पुड्या करून ठेवा: एक दप्तरात, एक गाडीच्या डिकीत, एक आजीकडे. पुडी नसेल तर संत्र्याचा गाळलेला रस ५० मिली, त्यात साधारण ५ ग्रॅम साखर असते. अख्खं संत्रं चघळत बसायला वेळ नसतो. संत्रा बर्फी आणि चॉकलेट लोसाठी नाहीत, स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल गिळत नसेल, शुद्ध हरपत असेल, झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (साखर वर आणणारं इंजेक्शन) लिहून दिलेलं असेल तर टोचायचं आणि दवाखाना गाठायचा.

उलट रेषा दिवसेंदिवस वरच राहत असेल तर सेन्सरवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली सिरिंज. इन्सुलिनची बाटली मिलीला ४० युनिटची आणि सिरिंज १०० ची अशी गल्लत झाली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. उलटी गल्लत झाली तर अडीचपट, आणि ती जीवघेणी. सिरिंजची लाल टोपी ४० ची, केशरी १०० ची. दुसरी, इन्सुलिन शिजलं का. उन्हात उभ्या गाडीत दुपारभर राहिलेली बाटली दिसायला स्वच्छ असते, पण काम करत नाही. एकात एक दोन मातीची भांडी, मध्ये ओली रेती, वर ओलं फडकं, ही जुगाड एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मस्त चालते. जुलैत हवा दमट झाली की कुलरसारखीच तीही बसते, तेव्हा फ्रीजचं दार. फ्रीझरला चिकटून नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. साखर २५० च्या वर आणि उलट्या किंवा ताप असेल तर सेन्सर बघत बसू नका, लघवीतले किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल) तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

राहिला पैसा. वर्षाला २६ सेन्सर, पाच हजारांनी एक लाख तीस हजार. ग्लुकोमीटरची स्ट्रिप २० रुपयांची धरली आणि दिवसाला ८ वेळा टोचलं तर १४ दिवसांचे २,२४०. शिवाय सेन्सर असला तरी स्ट्रिप लागतातच. म्हणून सध्या सेन्सर सलग लावत नाही. शाळा सुरू होताना एक, डॉक्टरांनी डोस बदलला की एक, वाढीच्या वयात रात्रीच्या साखरेचा घोळ सुरू झाला की एक. आणि तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला, एक ठरलेला: लाकडी बैल घेऊन दारोदार फिरताना कोणी पेढा देतं, कोणी चिवडा, कोणी नुसतीच चिल्लर, आणि कोणत्या घरी पोटात काय गेलं हे लेकरू सांगत नाही. तो सेन्सर पोळ्याच्या आदल्या दिवशी लावायचा म्हणजे पहिल्या २४ तासांचा घोळ आधीच संपतो. टेप मात्र त्या दिवशी दोन थर, पावसाचा नेम नसतो.