जुन्या झेनचे कूलिंग आणि डिचोलीतील एक गॅरेज

मारुती झेनचे उत्पादन २००६ साली थांबले. तेव्हापासून ही गाडी दारात आली की काय बिघडले आहे हे पाहण्यापेक्षा काय काय बदलता येईल याचाच हिशेब अनेक गॅरेजांमध्ये आधी मांडला जातो. गोव्यातील डिचोलीच्या ज्या गॅरेजविषयी हे लिहीत आहे, तेथे आधी तपासणी झाली आणि सुट्या भागांची यादी नंतर निघाली.

पणजी-म्हापसा रस्त्यावर माझ्या झेनच्या तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहत असे. परंतु साखळी-केरी ओलांडून चोर्ला घाट चढू लागले आणि एसी चालू असला, की तो लाल रेषेकडे सरकत असे. हीटर लावला की थोडा खाली येई. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्राव) हळूहळू कमी होत होते, मात्र गाडीखाली थेंब दिसत नव्हता. एवढ्यावरून दुसऱ्या एका गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा थर) गेल्याचे जाहीर करून इंजिन खोलण्याचा खर्चही सांगून टाकला होता. झेनच्या ९९३ सीसी इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे असल्यामुळे गाडी वारंवार तापल्यास हेड वाकण्याची भीती असतेच, त्यामुळे ती शंका अगदीच निराधार नव्हती. पण तपासणी न करता सांगितलेली ती शंकाच होती.

डिचोलीच्या मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला तो गाडी उभी असताना तापते की चढावर, हा. उभ्या गाडीत काटा चढत असेल तर संशय आधी पंख्यावर किंवा त्याच्या स्विचवर जातो. चढावर, इंजिनावर भार असताना चढत असेल तर रेडिएटरमधून पुरेसे पाणी फिरत नसण्याची शक्यता अधिक. त्यानंतर त्याने इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी बसवली आणि आतली हवा त्या द्रावातून ओढून घेतली. गॅस्केट फुटून ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये मिसळत असेल तर हा द्राव पिवळा पडतो. तो निळाच राहिला, आणि इंजिन खोलण्याचा विषय तेथेच संपला.

इंजिन थंड झाल्यावर हातपंपाने यंत्रणेत दाब भरला असता तो हळूहळू उतरू लागला. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी पांढरट डाग होता. तेथून पाझरणारे कूलंट गरम इंजिनावरच सुकून जात होते, म्हणून जमीन कोरडी राहत होती. रेडिएटरचे टोपणही दाब धरत नव्हते. टोपण ही क्षुल्लक वस्तू समजली जाते, पण ०.९ बार दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. टोपण सैल पडले की ही सवलत संपते. मुख्य दोष रेडिएटरमध्ये होता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरल्यामुळे आतील नळ्या गंज आणि क्षारांनी अर्ध्याअधिक बुजल्या होत्या. पितळी रेडिएटर असता तर टाकी उघडून सळईने साफ करता आला असता. अॅल्युमिनियमच्या गाभ्याला आणि प्लास्टिकच्या टाक्यांना ते सोसत नाही, म्हणून नवा बसवला. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप, गरम पाण्यात टाकून तापमापकाने तपासला, तो ठीक निघाला आणि परत तोच बसवण्याची मेकॅनिकची तयारी होती. पाणी उपसलेलेच होते आणि वस्तू स्वस्त होती, म्हणून मीच तो बदलून घेतला.

रेडिएटर, पंप, टोपण, खालचा मऊ पडलेला होज (रबरी नळी) आणि मजुरी मिळून झालेले बिल आधीच्या गॅरेजच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी होते. चोर्ला घाटात एसी लावूनही काटा आता मध्यावरून हलत नाही.

तक्रारीही आहेत. कूलंटमध्ये मिसळण्यासाठी विहिरीचे पाणी तयार ठेवले होते. डिस्टिल्ड वॉटर हवे असे सांगावे लागले, आणि बुजलेला रेडिएटर समोर पडलेला असताना हे सांगावे लागणे मला खटकले. बिलावर सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवलेली नव्हती. झेनचे भाग त्यांच्याकडे साठ्यात नसतात. ते म्हापशाहून किंवा बेळगावहून येईपर्यंत गाडी अडकून पडते आणि त्याची खबर ग्राहकालाच फोन करून घ्यावी लागते. नवे कूलंट भरल्यावर यंत्रणेत अडकलेली हवा काढण्याचे काम मात्र घाईने उरकले नाही: हीटर उघडा ठेवून, पंखा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवून, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली.

चतुर्थीच्या आधी येथे गाड्यांची इतकी रांग लागते, की जुन्या गाडीच्या सावकाश तपासणीला कोणी वेळ देईल अशी अपेक्षा धरू नये. घाटातून येजा असेल तर गाडी पावसाळ्यापूर्वीच दाखवावी, आणि वेगळ्या तपशिलाचे बिल हवे हे सोडतानाच सांगून ठेवावे.